खिंडीच्या अलीकडे

माधवराव आठल्ये सदाशिव पेठेत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी रविवारी पहाटे सिंहगड चढायचं ते चुकवत नसत, ही एक. आणि किती मिनिटांत चढलो, हे कुणी विचारलं नाही तरी सांगत, ही दुसरी. सह्याद्रीतले बहुतेक किल्ले त्यांच्या पायाखालून गेले होते. हिमालयातल्या अकरा खिंडी त्यांनी ओलांडल्या होत्या. बारावी, रूपसरची, मात्र त्यांना हुलकावणी देत आली होती. एकदा बर्फ फार पडला म्हणून आणि एकदा वाटेतला पूल वाहून गेला म्हणून त्यांना पायथ्याहून परत फिरावं लागलं होतं.

या भटकंतीत त्यांची बायको आनंदी कधीच नव्हती. त्याला कारणं होती. ती शाळेत गणित शिकवायची, ओवी लहान होती, आणि पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या नऊ वर्षं. माधवराव गडावरून आले की ती त्यांना आंघोळीचं पाणी काढून द्यायची आणि मोज्यांत रुतलेली कुसळं एकेक करून उपटत बसायची. तिनं कधी तक्रार केली नाही, असं माधवराव मित्रांत कौतुकानं सांगत.

सासूबाई गेल्या. ओवी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. मग आनंदीही निवृत्त झाली आणि एका सकाळी चहा पिताना म्हणाली, मला एकदा बर्फ बघायचाय. तिचं मागणं साधं होतं. गाडीनं फिरावं, सफरचंदाच्या बागा बघाव्यात, देवळं बघावीत, एखाद्या बऱ्याशा हॉटेलात खिडकीशी बसून डोंगराकडे बघत राहावं. माधवरावांच्या मते हे म्हणजे हिमालयात जाऊन हिमालय न बघता येणं. गाडीच्या काचेतून डोंगर बघणाऱ्यांवर त्यांच्याकडे दोन-तीन ठेवणीतले विनोद होते, ते त्यांनी सांगून घेतले. मग त्यांनीच तडजोड काढली. पहिले तीन दिवस तिच्या मनासारखे फिरायचे आणि पुढचे पाच दिवस रूपसरची खिंड. सोपी खिंड आहे, तेरा हजार आठशे फूट, शाळेतली पोरं जातात, असं त्यांनी तिला सांगितलं.

आनंदीनं आठवडाभर काही उत्तर दिलं नाही. मग एक दिवस स्वतःच जाऊन बूट घेऊन आली. रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर जायला लागली. एप्रिलमधले चार रविवार ती सिंहगडही चढली. पहिल्या रविवारी अडीच तास लागले, चौथ्या रविवारी पावणेदोन. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला. माधवरावांनी ही प्रगती गडावर दिसेल त्याला सांगितली, जणू त्यांनीच तिला चालायला शिकवलं होतं.

मेच्या अखेरीला दोघं हिमाचलात पोचली. ते पहिले तीन दिवस माधवरावांना पुढे फार आठवत राहिले. देवदारांच्या गर्दीतलं लाकडी देऊळ, नदीचं गार पाणी, रस्त्याकडेला वाफाळता राजमा-भात. तिसऱ्या दिवशी एका उतारावर पॅराग्लायडिंग चाललं होतं. आनंदी बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मी बसते." माधवरावांनी तिला तिच्या वयाची आठवण करून दिली. तिनं ती ऐकली आणि पट्टे बांधून घ्यायला पुढे गेली. चालवणारा मागे, ती पुढे. सात-आठ पावलं पळाली आणि तिच्या पायाखालचा डोंगर संपला. माधवरावांनी मोबाइलवर चित्रण केलं, त्यात नंतर फक्त गवत, त्यांचे स्वतःचे बूट आणि "आनंदी, पाय वर घे" हा त्यांचाच आवाज निघाला. ती खाली आली ती केस विस्कटलेली, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि रात्री झोपेपर्यंत बोलत होती. तिला इतकं बोलताना माधवरावांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आपण हिला इथे आणलं हे किती बरं केलं, असं त्यांच्या मनात आलं.

चौथ्या दिवशी खिंडीची वाट सुरू झाली. चौदा जणांची तुकडी होती, बहुतेक पुण्याचीच. म्होरक्या देवराज नावाचा पन्नाशीचा तिथलाच गडी. बोलणं कमी, नजर सगळीकडे. माधवराव पहिल्या पावलापासून त्याच्या मागोमाग, सगळ्यांच्या पुढे. आनंदी शेवटी. तिच्याबरोबर आम्रपाली नावाची एक चाळिशीची बाई असायची. ही फिजिओथेरपिस्ट. धायरीत तिचं छोटं क्लिनिक होतं. वर्षभर एकही सुट्टी न घेता साठवलेले दिवस तिनं या खिंडीवर लावले होते, आणि हिमालयात ती पहिल्यांदाच आली होती. दोघींचा वेग जुळला, म्हणून गप्पा जुळल्या. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्या की माधवराव घड्याळ बघून सांगत, "आज पन्नास मिनिटं मागे होतात."

दुसऱ्या मुक्कामावर आनंदीचं डोकं दुखायला लागलं. जेवण गेलं नाही. थोड्या वेळानं उलटी झाली. देवराज रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघायचा. आनंदीचा आकडा सगळ्यांत कमी आला. त्यानं तिला विचारलं, झोप लागली का, चक्कर येते का. उत्तरं माधवरावांनी दिली. पहिल्यांदा येणाऱ्या सगळ्यांना असं होतं, दोन गोळ्या दिल्यात, सकाळी ठीक होईल.

सकाळी ती ठीक आहे असं म्हणाली. तिला तसंच म्हणायची सवय होती. चौतीस वर्षं तिनं घरात कुणालाही दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

तिसरा मुक्काम खिंडीच्या पायाशी, एका गोठलेल्या तळ्याच्या काठी होता. दुपारी पोचल्यावर माधवराव तंबूत शिरले तेव्हा आनंदी एका बुटाची नाडी हातात धरून बसली होती. नाडी सोडायची कशी हे तिला आठवत नसावं, अशी तिची बोटं चालली होती. माधवरावांनी नाडी सोडली. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी घरातल्या आवाजात विचारलं, "आईंना दूध दिलं का?"

आईंना जाऊन चार वर्षं झाली होती.

बोलण्यात गोंधळ म्हणजे काय, हे माधवरावांना नवीन नव्हतं. पुण्यातल्या त्यांच्या गिरिभ्रमण मंडळातर्फे नवख्यांना जे माहितीपत्रक वाटलं जायचं, त्यातला उंचीच्या त्रासाचा परिच्छेद त्यांनी स्वतः लिहिला होता. माणूस असंबद्ध बोलू लागला तर एक मिनिट न दवडता त्याला खाली न्या. खाली जाड ठशात: सकाळची वाट बघू नका. तो परिच्छेद त्यांना पाठ होता. तंबूच्या फटीतून समोर रूपसर दिसत होती, इतकी स्वच्छ, की वरच्या दगडांच्या राशीत खोवलेल्या पताकाही मोजता आल्या असत्या. सकाळी चारला निघायचं होतं. मधे फक्त एक रात्र होती.

त्यांनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं, "दिलं, झोप तू," म्हणाले आणि जेवणाच्या तंबूत गेले. देवराजनं मॅडम कशा आहेत म्हणून विचारलं. दमलीय, झोपलीय, असं त्यांनी सांगितलं. आणि सूप प्यायले.

दीड-दोन तासांनी आम्रपाली आनंदीला बघायला गेली. आनंदी तंबूबाहेर यायला उठली आणि सरळ उभी राहू शकेना. पावलं दारू प्यायल्यासारखी पडत होती. आम्रपालीनं तिला धरून बसवलं आणि देवराजला हाक मारली. चिमट्यावर चौसष्ट आकडा आला, बाकीच्यांचा ऐंशीच्या वर होता. देवराजनं तिच्या पाठीला कान लावला, आणि मग कधीपासून असं आहे, हे माधवरावांना विचारलं. माधवराव म्हणाले, "आत्ताच. दुपारी तर ठीक होती."

पुढचं सगळं भराभर झालं. प्राणवायूचं नळकांडं आणलं, तोंडावर मुखवटा चढवला, एका खेचरावर गोधड्या अंथरल्या. उजेड आणखी तीन तास होता. देवराजनं सांगितलं की त्याचा भाऊ आणि खेचरवाला मॅडमना आत्ताच खाली नेतील, दुसऱ्या मुक्कामाच्याही खाली, आणि तिथून पहाटे गाडीरस्त्याला. बरोबर घरचं माणूस हवं. एवढं बोलून तो माधवरावांकडे बघत थांबला.

माधवरावांनी जे सांगितलं ते त्यांना त्या वेळी अगदी मुद्देसूद वाटलं होतं. खाली उतरलं की हिला आपोआप बरं वाटेल, तोच यावरचा उपाय. आपण बरोबर गेल्यानं त्यात काही फरक पडत नाही. आपली ही तिसरी खेप आहे, वय त्रेसष्ट आहे, चौथी होणार नाही. खिंड ओलांडून पलीकडून परवा आपण तिला गाठूच. ते बोलत असताना बाकीची मंडळी आपापल्या बाटल्यांची झाकणं लावत-काढत होती.

"मी जाते," आम्रपाली म्हणाली. तिनं आपली पिशवी उचललीही.

माधवरावांनी निदान एकदा नको म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "थँक यू. फार उपकार होतील."

आनंदीला खेचरावर बसवलं. प्राणवायूनं तिच्या नजरेत थोडी ओळख आली होती. तिनं मुखवटा जरासा बाजूला केला आणि म्हणाली, "जा तुम्ही. फोटो नीट काढा." हे ती भान असताना बोलली की नसताना, याचा माधवरावांनी पुढे फार विचार केला. तेव्हा त्यांनी मान डोलावली, एवढंच.

पहाटे सगळे निघाले. आणि खोटं कशाला सांगायचं, रूपसर सुंदर होती. सूर्य वर आला तसा एकेक शेंडा पेटत गेला. खिंडीत पोचल्यावर पलीकडचं सगळं खोरं एकदम पायाशी आलं. माधवरावांना हुंदका फुटला. तो आनंदाचाच होता. त्या पंधरा मिनिटांत त्यांना आपल्या बायकोची आठवण एकदाही झाली नाही, आणि ही गोष्ट त्यांना उतरताना, अर्ध्या वाटेवर, एका दगडाला ठेच लागल्यावर कळली.

खिंड ओलांडल्याच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलला रेंज आली. आनंदी जिल्ह्याच्या गावातल्या दवाखान्यात होती. फुप्फुसात पाणी झालं होतं. रात्रभर तिथे तिला प्राणवायूवर ठेवलं होतं. आणखी दोन तास उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो, असं डॉक्टरांनी आम्रपालीला सांगितलं आणि आम्रपालीनं ते शब्द न बदलता माधवरावांना सांगितले. ते दवाखान्यात पोचले तेव्हा आनंदी बसून मऊ खिचडी खात होती.

"झाली का खिंड?" तिनं विचारलं.

"झाली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा ताटलीकडे वळली.

पुण्यात आल्यावर भांडण होईल, असं माधवरावांनी धरून ठेवलं होतं. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ते बोलायची वेळच आली नाही. आनंदी सकाळचा चहा द्यायची, ताट वाढायची, इस्त्रीचे कपडे मोजून द्यायची. बंगळुरूहून ओवीचा फोन आला तेव्हा तिनं वडिलांना फक्त एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही तिथंच होतात ना?" माधवराव समजावून सांगू लागले, तर तिला मीटिंग होती. नातेवाईक भेटायला आले की माधवराव म्हणत, हिला जरा उंचीचा त्रास झाला म्हणून ही खालीच थांबली. आनंदी शेजारी बसलेली असायची. ती त्यांचं बोलणं दुरुस्त करत नसे. पोहे आणायला उठून जायची.

ऑगस्टमध्ये नारायण पेठेतल्या एका छोट्या सभागृहात मंडळानं माधवरावांचा कार्यक्रम ठेवला. बारावी खिंड, पडद्यावर चित्रं, नंतर कॉफी. साठ-सत्तर माणसं जमली होती. आनंदी येणार नाही असं त्यांना वाटलं होतं, पण ती आली, तिसऱ्या रांगेत बसली आणि सगळी चित्रं लक्ष देऊन बघितली. शेवटी प्रश्न झाले. मंडळातल्या दत्तोबा नावाच्या जुन्या सभासदानं आपलं सहज विचारलं, वहिनी पण होत्या ना बरोबर, त्या कुठपर्यंत आल्या?

माधवराव तोंड उघडणार एवढ्यात आनंदीच बसल्या जागेवरून म्हणाली, "ह्यांच्या वाटेत आले नाही तिथपर्यंत."

सभागृह खो खो हसलं. पुण्यात बायकोनं चारचौघांत असं काही म्हटलं की ते कौतुकाचंच धरतात. माधवरावही हसले. आनंदी हसली नाही. दिवे लागल्यावर ती कॉफी न घेता निघून गेली आणि माधवराव तारांची वेटोळी घालत मागे राहिले.

त्यानंतरही दिवस तसेच गेले. फक्त एवढंच झालं, की आनंदी आपल्याविषयी काही बोलेनाशी झाली. गुडघा दुखतो, झोप लागली नाही, आज भाजीत मीठ जास्त झालं, असलं पूर्वी ती जाता-येता बोलायची आणि माधवराव पेपरातून मान वर न काढता हं म्हणायचे. आता ते बोलणं नव्हतं. ते नाहीसं झालंय हेच माधवरावांच्या लक्षात यायला दिवाळी उजाडली. मग ते मुद्दाम विचारायला लागले. बरी आहेस ना? ती म्हणायची, ठीक आहे. आणि हे उत्तर ऐकलं की त्यांना दुसऱ्या मुक्कामावरची सकाळ आठवायची.

जानेवारीतल्या एका बुधवारी आनंदी एक छोटी पिशवी घेऊन निघाली. आम्रपालीकडे धायरीला जाते, शनिवारी येईन, असं म्हणाली. दोघींचं येणं-जाणं वाढलंच होतं, त्यामुळे माधवरावांना काही वाटलं नाही. गुरुवारी दुपारी आम्रपालीचा फोन आला. ती म्हणाली की काकूंनी सांगू नका म्हणून बजावलं होतं, पण तिला राहवेना. पित्ताशयात खडे झाले होते. गणपतीपासून दुखत होतं. सकाळी ऑपरेशन झालं, नीट झालं. तिनं टिळक रस्त्याजवळच्या एका रुग्णालयाचं नाव सांगितलं. माधवरावांच्या घरापासून ते चालत दहा मिनिटांवर होतं.

ते चालतच गेले. खिडकीशी बसलेल्या मुलीनं पेशंटचं नाव टाइप केलं आणि विचारलं, आपण कोण? नवरा म्हटल्यावर तिनं पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं. नातेवाईक म्हणून इथे दुसऱ्याच बाईंचं नाव आहे, असं ती म्हणाली, आणि मग त्यांचा चेहरा बघून तिनं खोलीचा नंबर सांगितला.

आनंदी जागी होती. हाताला सुई, ओठ कोरडे. आम्रपाली त्यांना बघून चहाच्या निमित्तानं बाहेर गेली.

"मला का नाही सांगितलंस?" माधवरावांनी विचारलं.

"सांगून काय झालं असतं?"

"मी आलो असतो. इथं बसलो असतो."

बाहेरून रिक्षांचे आवाज येत होते. माधवराव स्टुलावर बसले. सात महिने त्यांनी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते आता बाहेर आलं. त्यांनी तिला सगळं सांगितलं. दुपारी तंबूत ती काय बोलली होती, आणि ते ऐकून ते काय समजले होते. एक रात्र निघाली तर निघेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. देवराजनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा ते खोटं बोलले. हे सांगताना त्यांचा आवाज फाटला. त्यांनी चष्मा काढला.

आनंदी छताकडे बघत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आईंचं विचारलं मी?"

"हो."

"मला यातलं काहीच आठवत नाही." तिनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "म्हणजे मला न सांगता चाललं असतं."

"नाही. सांगायलाच हवं होतं."

"मग आता बरं वाटत असेल तुम्हाला," आनंदी म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर माधवरावांना त्याला कुठेतरी धरता आलं असतं. तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं आम्रपाली चहा घेऊन आली, तिनं आनंदीची उशी नीट केली, सलाइन किती उरलंय ते बघितलं, आणि माधवरावांना कळलं की या खोलीत आपल्याला करण्यासारखं काहीच नाही. भेटायची वेळ संपल्याचं सांगायला परिचारिका आली तेव्हा ते उठले. शनिवारी न्यायला येतो म्हणाले. आनंदी डोळे न उघडता म्हणाली की आम्रपाली सोडेल, तिची गाडी आहे.

शनिवारी ती घरी आली. ओवीच्या खोलीत झोपायला लागली, टाके आहेत तोवर म्हणून. टाके निघाले, ती तिथेच राहिली. माधवरावांनी सिंहगड सोडला नाही. एवढ्या पहाटे उठून घरात काय करायचं, हा प्रश्न होता. ते निघतात तेव्हा ती झोपल्यासारखी दिसते. ते खालच्या जिन्यापर्यंत पोचतात आणि वरून दाराची कडी आतून लागल्याचा आवाज येतो. पूर्वी ते लॅचच्या किल्लीनं दार उघडून हळूच आत यायचे, तिची झोपमोड नको म्हणून. आता त्यांना घंटा वाजवावी लागते. आनंदी येऊन दार उघडते, बाजूला होते, आणि किती मिनिटं लागली ते विचारत नाही.